गाडीच्या पेंटला ‘अनडू’ नसतो

[हा आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लिखित मजकूर आहे. बोलताना अडखळलेली वाक्यं सरळ केली आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. प्रवासात ऐकायचं राहिलं असेल तर वाचून घ्या.]

आज आवाज जरा घोगरा लागेल, कारण सकाळी सहापासून पार्किंगमध्ये होतो. आजचा विषय तुम्हीच मागितलाय. गेल्या महिन्यात मी सहज म्हणालो होतो की गाडी मी घरीच डिटेल करतो. त्यावर इतके मेसेज आले की ऑफिसच्या स्टँडअपमध्येही फोन वाजत होता. बहुतेकांचा प्रश्न एकच: “दादा, कुठला प्रॉडक्ट घेऊ?”

सांगतो. पण आधी एक कबुली. हा विषय मी शिकलो तो एक बॉनेट जाळून. आणि ते बॉनेट माझ्या गाडीचं नव्हतं, बाबांच्या गाडीचं होतं.

बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांखाली झोपून काम केलं. रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशातून त्यांनी पहिली स्वतःची गाडी घेतली, निळी बलेनो. 2021 साली माझं वर्क फ्रॉम होम चालू होतं. दिवसभर कोड आणि रात्री व्हिडिओ. एका व्हिडिओत एक माणूस मशीन फिरवतो आणि जुनी गाडी आरशासारखी होते. मी म्हटलं, यात काय एवढं? हार्डवेअरवाल्याकडून भाड्याने ड्रिल मशीन आणलं, पुढे लावायचा लोकरी गोल पॅड आणला, रंगाच्या दुकानातून रबिंग कंपाउंडचा डबा आणला. बाबा दुपारचे झोपले होते. सरप्राइज द्यायचं होतं ना!

बॉनेटच्या मधल्या भागावर खरंच चमक आली. मग मी कडेला गेलो. मोजून पाच-सहा सेकंद. कडेवर हाताच्या बोटाएवढा पट्टा एकदम मॅट झाला आणि कापसावर निळा रंग आला. मी घाबरून अजून घासलं. आता खालचा राखाडी प्रायमर दिसायला लागला.

ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शनवर डिप्लॉय केलं होतं. फरक एवढाच की इथे रोलबॅक नव्हता.

बाबा उठून खाली आले. बघितलं. म्हणाले, “गाडी चालते ना? मग झालं.” बस. ओरडले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून गाडी लावताना ते बॉनेट भिंतीकडे करायला लागले. आधी ते रिव्हर्स घेऊन लावायचे, निघताना सोपं जातं म्हणून. आता सरळ घुसवायचे. ते मला जास्त लागलं.

बॉनेट पुन्हा रंगवून घ्यावं लागलं. पेंटरने मला तेव्हा एक गोष्ट समजावली, आणि आजचा सगळा भाग त्याच गोष्टीभोवती आहे. तो म्हणाला, “तुम्ही चमक वाढवत नव्हता. पेंट कमी करत होता.”

पेंट असतो तरी किती?

गाडीचा पत्रा, त्यावर गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट. कंपनीतून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण 100 ते 130 मायक्रॉन भरतं. त्यातला क्लिअर कोट असतो सुमारे 40 ते 50 मायक्रॉन. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. म्हणजे तुमची दहा लाखांची चमक केसापेक्षाही पातळ थरात आहे. ऊन रोखणारं रसायनही त्याच थरात आहे. मशीनने नीट पॉलिश केलं तरी एक-दोन मायक्रॉन जातात, कडक कंपाउंडने त्याहून जास्त. आणि कडांवर पेंट मुळातच पातळ असतो, कारण ओला रंग कडेवरून मागे सरकतो. माझं बॉनेट कडेलाच का जळलं, ते आता कळलं असेल.

बाबांच्या पिढीला हे माहीत नसण्याचं कारण आहे. जुन्या गाड्यांवर, उदाहरणार्थ प्रीमियर पद्मिनीवर, रंग आणि चमक एकाच थरात असायची. बाबांचा एक मित्र मुंबईत काळी-पिवळी चालवायचा. पॉलिशच्या दिवशी फडकं काळं झालं की तो खूश व्हायचा, मळ निघाला म्हणून. तो मळ नव्हता, रंगच होता. पण ते चालून जायचं, कारण टॅक्सी पुन्हा पुन्हा रंगवली जायची. त्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या. घासायची सवय मात्र अजून आपल्या हातात आहे.

पनवेलची धूळ

आता आपल्या गावाकडे येऊ. पेंटची काळजी घेण्याचे बरेचसे व्हिडिओ अमेरिका-युरोपातल्या लोकांचे असतात. त्यांच्याकडे गॅरेज, अंगणात नळ, हिरवळ. आपल्याकडे काय आहे? एका बाजूला तळोजा एमआयडीसी, एका बाजूला कळंबोलीचं स्टील मार्केट, मधून एक्सप्रेसवेकडे जाणारे ट्रेलर, आजूबाजूला दगडखाणी आणि क्रशर, आणि जिथे बघाल तिथे बांधकाम. विमानतळाचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025ला झालं, 25 डिसेंबरपासून विमानं उडायला लागली, पण त्याच्याभोवतीचे टॉवर अजून उभेच राहतायत.

या धुळीत बराचसा आपल्या सह्याद्रीचा काळा दगड असतो, बेसॉल्ट. बांधकामाला आता वाळूऐवजी हाच दगड फोडून केलेली क्रश सँड वापरतात. या दगडातली खनिजं साध्या सुरीच्या पोलादाइतकी किंवा त्याहून कठीण असतात. आणि क्लिअर कोट म्हणजे शेवटी एक प्रकारचं प्लास्टिक. म्हणजे सकाळी सुक्या फडक्याने गाडी ‘फक्त झटकली’ तरी आपण तिच्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवतोय.

खात्री करायची असेल तर आज रात्री गाडीवर मोबाइलचा टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतील. त्यांना स्वर्ल मार्क म्हणतात. गंमत म्हणजे ते ओरखडे गोल नसतात! सगळ्या दिशांना असतात, पण जे दिव्याच्या भोवती आडवे पडतात तेवढेच चमकतात, म्हणून वर्तुळं दिसतात. घरातल्या जुन्या स्टीलच्या ताटावर दिवा धरा, अगदी तेच दिसेल. ताट आपण घासणीने घासतो. गाडी आपण धुळीने घासतो.

एक बादली, पस्तीस गाड्या

आमच्या सोसायटीत एक काका गाड्या पुसतात. मूळचे लातूरकडचे. पहाटे पाचला सुरू करतात, आठपर्यंत पस्तीसेक गाड्या. एक बादली, एक फडकं. चौथ्या-पाचव्या गाडीनंतर बादलीतलं पाणी चहाच्या रंगाचं होतं.

बॉनेट रंगवून आल्यावर मी अगदी तज्ज्ञ झालो होतो. नवीन पेंटवर पंधरा दिवसांत जाळं दिसलं, तसा मी काकांवर चढलो. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला, लिहिलं की यांना बंद करा. दोन-चार जणांनी अंगठे दिले. संध्याकाळी काका भेटले. शांतपणे म्हणाले, “साहेब, दुसरी बादली घेतली तर पाण्यावरून ओरडा बसतो. धूळ राहिली तर तुम्ही ओरडता. मी कोणाचं ऐकू?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण तो एप्रिल होता. देहरंग धरणाची पातळी खाली गेली की पनवेलकरांना काय होतं ते मी वेगळं सांगायला नको. सोसायटीत टँकर येत होता, आणि मी पाइप लावून गाडी धुवायचं स्वप्न बघत होतो. मोकळा सोडलेला पाइप मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज घेतो. पंधरा मिनिटांत दीडशे लिटरच्या पुढे. टँकरच्या दिवसांत दीडशे लिटर म्हणजे एखाद्या घराची सकाळ.

तेव्हा मला कळलं की पनवेलमध्ये पद्धत निवडायची ती दोन गोष्टी बघून: धूळ कठीण आहे आणि पाणी कमी आहे. बाकी सगळं त्यानंतर.

ग्रुपवरची ती पोस्ट मी डिलीट केली आणि काकांची माफी मागितली. आमचं ठरलं असं: महिन्याचे पैसे तेवढेच, पण माझ्या गाडीला सुकं फडकं लावायचं नाही. काचा पुसा, बॉडी सोडा. रविवारी मी धुतो. पाच-सहा घरांनी हेच केलं, बाकीच्यांना रोज सकाळी गाडी चकाचक हवी असते. ठीक आहे. पण प्लीज, गाडी पुसणाऱ्या माणसाचे पैसे कापून डिटेलिंग किट घेऊ नका.

चार क्रियापदं लक्षात ठेवा

आता प्रॉडक्ट. दुकानात किंवा अ‍ॅपवर शंभर बाटल्या दिसतात आणि डोकं फिरतं. मी एक सोपी युक्ती करतो. प्रत्येक बाटलीला विचारायचं: तू यातलं काय करतेस? धुणं, उपटणं, घासणं की झाकणं?

पहिलं, धुणं. यासाठी कारचा शाम्पू घ्या, पीएच न्यूट्रल लिहिलेला. भांड्याचं लिक्विड नको. त्याने गाडी एका दिवसात मरत नाही, पण लावलेलं वॅक्स उतरतं. कपड्याची पावडर नको, त्यात न विरघळलेले कण राहतात. डिझेल किंवा रॉकेलचा हात तर अजिबात नको. तेलकट चमक येते आणि तासाभरात त्यावरच धूळ चिकटते.

पाणी असेल तर दोन बादल्या: एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा मिट गाडीवर फिरवला की आधी साध्या पाण्यात खळखळायचा, मगच पुन्हा शाम्पूत. वरून खाली यायचं. टप, काचा, बॉनेट, दरवाजे, आणि खालची घाणेरडी पट्टी सगळ्यात शेवटी. चाकांचं फडकं वेगळं. ते कधीही बॉडीला लावायचं नाही.

पाणी नसेल तर रिन्सलेस वॉश. नावाप्रमाणे नंतर धुवायची गरज नाही. यातली रसायनं धुळीच्या कणांना गुंडाळून घसरवतात. साधारण चार लिटर पाण्याला पंधरा मिली लागतं, पण प्रमाण बाटलीवरचंच पाळा. मी काय करतो? बादलीत सहा-सात मायक्रोफायबर फडकी भिजवून ठेवतो. आधी तेच पाणी स्प्रेने गाडीवर मारतो, मिनिटभर थांबतो. मग एक फडकं चार घड्यांचं घेऊन एका दिशेत हलकं ओढतो. एक बाजू एकदाच. बाजू बदलायची. फडक्याच्या आठही बाजू संपल्या की ते बाजूला, परत बादलीत नाही. मागून दुसऱ्या सुक्या फडक्याने टिपायचं. पूर्ण बलेनो सहा-सात लिटरमध्ये होते. काका पहिल्यांदा बघायला उभे राहिले होते, म्हणाले, “एवढ्या फडक्यांत मी चार गाड्या काढल्या असत्या.” बरोबरच आहे. तीन तासांत पस्तीस गाड्या करायच्या असतील तर हे जमणार नाही.

एक अपवाद. पावसात एक्सप्रेसवेवरून घाट करून आलात आणि दारांवर चिखल वाळलाय, तर रिन्सलेस नको. आधी वॉशिंग सेंटरला जा आणि नुसतं प्रेशरचं पाणी मारून मागा. “फडकं लावू नका” एवढं हसून सांगा. फार तर विचित्र बघतील.

दुसरं, उपटणं. गाडी धुतल्यावर हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घाला आणि पेंटवर बोटं फिरवा. खरखर लागली की समजायचं, कण आत रुतलेत. आपल्याकडे त्यात लोखंड खूप असतं. ब्रेकची भुकटी, रेल्वेरुळांची, स्टील कापतानाची. पांढऱ्या गाडीवर बारीक नारिंगी ठिपके दिसतात ते हेच. त्यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. मारला की दोन-तीन मिनिटांत जांभळे ओघळ येतात. वास सडक्या अंड्यासारखा, त्यामुळे हातमोजे घाला आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंची खिडकी बंद आहे ना ते बघा. सावलीत मारा, वाळू देऊ नका, भरपूर धुवा. उरलेली खरखर क्ले बारने काढायची, तीही शाम्पूच्या पाण्याने ओलं ठेवून, अजिबात जोर न लावता. क्ले जमिनीवर पडला तर कितीही जीव जळाला तरी फेकून द्या. त्यात आता पार्किंगची खडी आहे. हे काम वर्षातून एकदा, फार तर दोनदा. क्लेनेही हलके ओरखडे येतात.

तिसरं, घासणं. पॉलिश, कंपाउंड, स्क्रॅच रिमूव्हर ही सगळी एकाच घरातली भावंडं. ही ओरखडा भरत नाहीत, त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट खाली आणतात. ‘क्लीनर वॅक्स’ असं लिहिलं असेल तर त्यातही बारीक घासणारे कण असतात हे लक्षात ठेवा. टूथपेस्टचा घरगुती उपायही घासण्याचाच.

नियम सोपा: ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर तो खोल आहे, घासून जाणार नाही, टचअप पेंट किंवा पेंटर. अडकत नसेल तर आधी टेस्ट स्पॉट. फूटभर चौकोन, तोही बॉनेटच्या मधोमध नाही, खाली दारावर. सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात सौम्य पॉलिशपासून सुरुवात. तेवढ्याने झालं तर थांबा. नव्वद टक्के सुंदर झालं की थांबायला शिका, उरलेल्या दहासाठी पेंट जाळू नका.

मशीन घ्यायचंच तर ड्युअल अ‍ॅक्शन. ते फिरतं आणि डोलतंही, म्हणून उष्णता एका जागी साठत नाही, आणि जोर दिला तर पॅड फिरायचा थांबतो. रोटरी एकाच अक्षावर गरगरतं आणि माझ्यासारख्यांना शिकवत बसत नाही. चांगलं ड्युअल अ‍ॅक्शन मशीन सहा-आठ हजारांपासून पुढे पडतं. वर्षातून एकदा वापरायला विकत घेऊ नका. मित्रांमध्ये एक घ्या. कडांना मास्किंग टेप लावा. हे मी सांगतोय, म्हणजे अनुभवाने सांगतोय.

चौथं, झाकणं. यात दोन प्रकार: मेकअप आणि छत्री. काही प्रॉडक्ट ओरखड्यांत तेलं भरतात. गाडी एकदम नवी दिसते, चार धुण्यांत पुन्हा जाळं वर येतं. यात पाप काही नाही, उलट पेंट वाचतो. फक्त फसू नका. वापरलेली गाडी विकत घेताना, किंवा कोणी पॉलिश करून दिलं तर, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून छोट्या जागी पुसा आणि टॉर्च मारा. मेकअप उतरला की खरं तोंड दिसतं.

छत्री म्हणजे वॅक्स, सीलंट, सिरॅमिक. कार्नौबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून येतं. गडद रंगावर त्याची चमक सुंदर दिसते, पण आपल्या उन्हात माझ्या गाडीवर जेमतेम दीड महिना टिकलं. सिलिकाचं स्प्रे सीलंट हजाराच्या आसपास मिळतं, लावायला अर्धा तास, आणि मागच्या पावसाळ्यात तीन महिने पाणी घरंगळत होतं. माझं उत्तर विचाराल तर घरी करणाऱ्या माणसासाठी हेच.

आणि सिरॅमिक कोटिंग? चांगलं असतं. पण वीस-तीस हजार देताना काय घेताय ते समजून घ्या. तो थर एक-दोन मायक्रॉनचा असतो. जाहिरातीतलं ‘नाइन एच’ हे पेन्सिलच्या कडकपणाचं माप आहे, दगडाच्या नाही. ट्रेलरच्या चाकातून उडालेली खडी ते थांबवत नाही. त्यासाठी दीडशे-दोनशे मायक्रॉनची पारदर्शक फिल्म लागते, आणि तिचा खर्च वेगळाच आहे. शिवाय कोटिंगच्या आधी ते गाडी पॉलिश करतात, म्हणजे पेंट कमी होतो. तो किती होणार, कुठल्या मशीनने, हे विचारा. ‘टेफ्लॉन’ नावाने विकतात त्याबद्दल एवढंच: टेफ्लॉन तव्यावर बसवायला तीनशे अंशांच्या वर तापवावं लागतं. गाडी तेवढी तापवली तर कोटिंग करायला गाडी उरणार नाही.

ब्रँड विचाराल तर मला कोणी पैसे दिलेले नाहीत. मोटोमॅक्स, थ्रीएम, फॉर्म्युला वन, टर्टल वॅक्स, मेग्वायर्स यांतलं जे जवळच्या दुकानात मिळेल ते चालेल. क्रियापद तपासा. सुरुवातीला शाम्पू, दोन बादल्या, एक मिट, आठ मायक्रोफायबर आणि एक स्प्रे सीलंट. अडीच-तीन हजारांत होतं. पैसे कमी असतील तर फडक्यांवर खर्च करा, बाटल्यांवर नको. फडकी वेगळी धुवा, फॅब्रिक सॉफ्टनर न घालता.

तुमचे तीन प्रश्न

कामोठ्याच्या एका ताईंनी विचारलंय, बोअरवेलच्या पाण्याचे पांढरे डाग जात नाहीत. ताई, ते पाण्यातल्या क्षारांचे डाग. ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, फडक्याने मिनिटभर ठेवा, मग भरपूर धुवा. जुने असतील तर त्यांनी क्लिअर कोट कोरलेला असू शकतो, मग पॉलिशच. पुढच्या वेळी उन्हात धुऊ नका आणि पाणी गाडीवर वाळू देऊ नका. सिरॅमिकवाल्यांनो, तुमच्या गाडीवर थेंब गोल उभे राहतात आणि तसेच वाळले तर डागही गोल उमटतात!

खांदा कॉलनीच्या एका मित्राचा प्रश्न, कबुतरांचं काय? विष्ठा खरवडू नका. ओलं फडकं पाच मिनिटं ठेवा, मऊ झाली की उचला. गाडीत एक पाण्याची बाटली आणि एक फडकं कायम ठेवा. उन्हात काही तासांतच खड्डा पडतो.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडला. दसऱ्याला आई बॉनेटवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक काढते, डाग राहतो, तिला नको कसं सांगू? अरे, नको सांगूच नकोस. आदल्या दिवशी गाडी धू, सीलंट मार, मग आईला काढू दे. संध्याकाळी ओल्या फडक्याने अलगद टिप, आठवडाभर ठेवू नकोस. आणि झेंडूच्या तोरणाची तार पेंटवर आपटणार नाही एवढी बघ. सुतळीने बांध. बास.

शेवटचं

माझं वर्ष आता असं असतं. मे महिन्यात, पावसाच्या आधी, उपटणं आणि झाकणं. पावसाळ्यात फक्त धुणं. दसऱ्याला पुन्हा झाकणं. घासणं गेल्या दोन वर्षांत एकदाही नाही. टॉर्च मारला तर थोडं जाळं दिसतं. दिसू दे. ते क्लिअर कोट शिल्लक असल्याचं लक्षण आहे.

रंगवलेल्या बॉनेटबद्दल पेंटर म्हणाला होता की महिनाभर यावर वॅक्स, कोटिंग काही लावू नका, आतलं सॉल्व्हंट उडू द्या. मी थांबलो. महिन्यानंतर पहिला हात बाबांना मारायला दिला. त्यांनी सीलंटची बाटली वाचली, चष्मा वर केला आणि विचारलं, “हे घासायचं की नुसतं लावायचं?” मी म्हटलं, नुसतं लावायचं. एसटीतल्या माणसाला प्रश्न बरोबर कळला होता, मला मात्र एक बॉनेट लागलं.

गाडी ते अजूनही सरळच घुसवून लावतात. विचारलं तर म्हणतात, आता सवय झाली. असेल.

तर काही ऑर्डर करण्याआधी आज रात्री पार्किंगमध्ये जाऊन टॉर्च मारा, पिशवीतून हात फिरवा. मग ठरवा. काय दिसलं ते व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या भागात घेतो. आणि सकाळी गाडी पुसणारे काका भेटले तर आधी एक नवं फडकं द्या, ज्ञान नंतर. भेटू पुढच्या शनिवारी. काळजी घ्या!